दगडूमियाची तात

पिंजाऱ्याला हाक मारायची, असं मी ठरवलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

आता यात ठरवण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. दारावरून पिंजारी जातो, आपण 'ओ पिंजारी' म्हणतो, तो थांबतो. जगात कितीतरी लोक असं करत असतील. पण त्या लोकांत मी नाही. मला हाक मारता येत नाही. तोंड उघडतं, श्वास आत जातो, सगळी तयारी होते आणि ऐन वेळी आवाज म्हणतो, तू हो पुढं, मी आलोच. (तो येत नाही.) शाळासुद्धा माझी याच कारणानं सुटली. हजेरी घेताना मास्तर नाव पुकारायचे, आणि मी 'हजर' म्हणेपर्यंत ते पुढच्या ओळीत पोचलेले असायचे. पहिल्या रांगेत बसून मी वर्षभर गैरहजर राहिलो. शेवटी वडील म्हणाले, गैरहजरच राहायचं तर मळ्यात राहा, वांग्याला पाणी तरी होईल.

पिंपळगाव राजाला गावाला लागूनच आमचा मळा. वांगी, मेथी, थोडा मुळा. आईवडील गेल्यावर मळ्यात मी आणि घरातही मीच. मग लग्न झालं, आणि घरात आवाज आला. कोकिळा धाड गावची. ती 'मेथी घ्या वो मेथी' म्हणाली की खामगावच्या बाजारात पलीकडच्या ओळीतली बाई वळून पाहायची. मी नुसती तागडी धरायचो. घरी तर माझी फारच सोय झाली. कोकिळाच मला काही विचारायची, माझ्या वतीनं उत्तर द्यायची, त्या उत्तरावर रागवायची, आणि थोड्या वेळानं मला माफही करायची. माझा बसल्या जागी संसार होत होता.

दिवाळीला तिचा भाऊ तिला न्यायला आला. निघताना तिनं पलंगावरच्या गादीवर हात आपटला. ती गादी मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळात माझ्या आजोबांनी भरून घेतली होती. त्यानंतर राज्य बदललं, पुन्हा बदललं, शेवटी महाराष्ट्र झाला, पण गादीला कोणी हात लावला नाही.

“हे गादी हाय का जिल्ह्याचा नकाशा?” कोकिळा म्हणाली. “इकडून सातपुडा, तिकडून पूर्णा नदी, आन् मधात मी! पिंजून ठेवा हे. गादी झाली का मंग या मले न्याले.”

भाऊ हसला. ती हसली. मीही हसलो. यष्टी गेली.

हसलो खरा, पण शब्द मी मनात धरून ठेवला. गादी झाली का मग या. बायकोनं जाताना एकच गोष्ट सांगितली होती आणि ती मोडून तिच्या दारात उभं राहायची माझी छाती नव्हती.

त्यानंतर घर फार मोठं झालं. तोच एक खण, तीच चूल, पण कुठं बसावं ते समजेना. भाकरी थापताना हात सवयीनं दोघांच्या करायचा. तिच्या वाटची मी दुसऱ्या दिवशी खायचो, पण जरा आदबीनं. बाजारात मी ढिगामागं बसलो की लोकांना ढीगच दिसायचा. “हे वांगी कोणाची हायेत वो?” असं एका बाईनं शेजारच्या कांदेवाल्याला विचारलं. मी हात वर केला, तर ती म्हणाली, “तुले नाही पुसलं, बाप्पा.” संध्याकाळी कधी कधी मी घरात नुसतं 'हं' म्हणून पाहायचो, आवाज शाबूत आहे का ते कळावं म्हणून. मग भिंतीपलीकडून झुंबरबाई विचारायची, “कोण आलं रे?”

झुंबरबाई म्हणजे आमची शेजारीण; दोन घरांमधली भिंत पुरुषभरच उंच, आढ्यापर्यंत न पोचणारी. म्हातारी, एकटी, कानानं तिखट. मी उत्तर द्यायचो नाही. कोणी आलेलं नसायचं.

आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी गल्लीतून 'टंय् टंय्' असा आवाज जायचा. तो दगडूमिया पिंजारी. खांद्यावर त्याचं ते वीणेएवढं लाकडी धनुष्य, पिंजण म्हणतात त्याला, आणि चालता चालता तो त्याच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, बोट मारायचा. मी दारात यायचो. घसा साफ करायचो. घसा साफ होईपर्यंत गल्ली साफ झालेली असायची.

तर त्या दिवशी मी ठरवलं, आज हाक मारायचीच. टंय् ऐकला. बाहेर पडलो. दगडूमिया पुढं, मी मागं. तोंड उघडलं, पण मारुतीच्या पारावर चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर कसं ओरडायचं? पुढं विहिरीवर बायका होत्या. त्यापुढं एक कुत्रं होतं. (कुत्र्यासमोरही मला जमलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.) असं करत करत मी गाव ओलांडून खळ्यापर्यंत त्याच्या मागं गेलो. तिथं तो गर्रकन वळला.

“काऊन बे? केव्हाचा मांगं मांगं येऊन राह्यला! चोर हायेस का?”

मी मान हलवली.

“मुका हायेस?”

पुन्हा मान हलवली.

“मंग काय हाय?”

“गादी,” मी म्हणालो.

“काय गादी?”

“हाय.”

दगडूमियानं कपाळाला हात लावला. “हाय ना? मंग गावातच बोलाचं ना, लेका! खळ्यावर काऊन आणलं मले?”

दगडूमिया घरी आला आणि घरात पुन्हा माणसाचा आवाज आला. त्यानं आढ्याला दोरी बांधून पिंजण टांगलं, गादीची शिवण फाडली आणि आतला काळपट कापूस जमिनीवर ओतला. मग तात कापसात धरून तिच्यावर तो डमरूच्या आकाराचा लाकडी ठोकळा मारायचा. टंय्! आणि दगडासारखा गोळा धुरासारखा वर यायचा. तोंडानं त्याचं अखंड चालू होतं. कोणाच्या गादीत जुनं पैंजण सापडलं, कोणाच्या उशीत उंदराचं बाळंतपण झालं होतं. मला काहीच बोलावं लागत नव्हतं. मी त्याला दोनदा चहा केला, आणि गादी आणखी जाड असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

निम्मा कापूस झाला असेल, तेवढ्यात त्याचा जावई सायकल मारत आला. दगडूमियाच्या लेकीला नांदुऱ्याला दवाखान्यात नेलं होतं, पहिलं बाळंतपण, आणि ती एकसारखी 'अब्बाला बोलवा' म्हणत होती. दगडूमिया उठलाच. सायकलवर तो कसाबसा मावत होता, पिंजण कुठलं मावायला.

“आइक,” तो मला म्हणाला. “येतोच म्या. तवरिक हिले जपजो. आता ढिली करून ठेवतो. सारखी ताणून ठेवली का तातीची जान जाते. ओल लागू देजो नको. उंदरापासून सांभाळजो, त्याले तात म्हणजे जिलबी. सकाळ-संध्याकाळ मेणाचा हात फिरवजो. कुठं पीळ उसवलेला दिसला, त मले सांगजो, तू हात लावजो नको. आन् कापूस नसताना वाजवजो नको.”

“काऊन?” मी विचारलं. (माझ्या मानानं हे भाषण होतं.)

“कापूस असला का मार कापूस खाते. नसला का तातच खाते. रिकामं वाजलं का तुटते बे. माणसाचंही तसंच हाय.” मग तो सायकलवर बसला आणि पुन्हा ओरडला, “आन् तातीच्या नीट समोर कोणाले उभं राहू देजो नको! तुटली का डोळा घेऊन जाते!”

मी सगळं नीट ध्यानात ठेवलं. मला कोणी काही सांभाळायला दिलं की मी जिवापाड सांभाळतो. माझ्या सगळ्या अडचणी तिथूनच निघतात.

दिवस कलला. पिंजण आढ्याला लटकत होतं, खाली अर्धा कापूस फुललेला आणि अर्धा निजलेला. दुपारी एवढा आवाज झाला होता की आता घर आधीपेक्षाही गप्प वाटायला लागलं. मी मेणाचा हात फिरवला. मग वाटलं, मेण बसलं का ते पाहावं. त्यासाठी तात थोडी ताणली. रिकामी वाजवायची नव्हती, म्हणून खाली थोडा कापूस घेतला. एकच ठोका मारला.

टंय्!

घर भरून गेलं. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक मारला.

“दगडूमिया अजून हाय का?” भिंतीपलीकडून झुंबरबाई ओरडली. “मंग माही बी गादी घेजो म्हणा त्याले!”

दगडूमिया नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. श्वास आत गेला. तेवढ्यात भिंतीवरून झुंबरबाईची गादी आली आणि माझ्या अंगावर पडली.

सकाळपर्यंत बातमी गावभर झाली की दगडूमियानं माझ्या घरी मुक्काम टाकला आहे. लोक गाद्या घेऊन येऊ लागले. कोणी डोक्यावर, कोणी बैलगाडीत. कोणी उशा आणल्या, एकानं बैलाच्या पाठीवरची झूल आणली. “दगडूमिया कुठी हाय?” असं विचारलं की मी हातानं नांदुऱ्याची दिशा दाखवायचो. आता आमच्या गावात नांदुऱ्याच्या दिशेला नाला आहे, आणि सकाळच्या वेळी नाल्याकडं माणूस कशाला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. दुपारी आलेल्यांनाही मी तीच दिशा दाखवली. संध्याकाळी आलेल्यांनाही. शेवटी दगडूमियाचं पोट बिघडलं असं गावात ठरलं, आणि कोणीतरी त्याच्यासाठी ओवा आणून दिला.

मी खरं का सांगितलं नाही? तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. माणसं नुसती गादी टाकून जात नव्हती. ती ओट्यावर बसत होती. गादी कोणी भरली, कोणाच्या लग्नात भरली, तिच्यावर कोण कोण जन्मलं, सगळं सांगत होती. जाताना “कोकिळा कधी येते रे?” असं विचारत होती. माझ्या ओट्यावर एवढी माणसं वडिलांच्या दहाव्यालासुद्धा बसली नव्हती. पिंजारी नाही म्हटलं असतं, तर सगळी आपापल्या गाद्या उचलून गेली असती.

म्हणून मी स्वतःच पिंजायला बसलो.

दगडूमिया करायचा तसंच मी करत होतो. फक्त तो एका वेळी एक गादी फोडायचा आणि मला ते आठवलं तोवर मी सगळ्या फोडल्या होत्या. कापूस गुडघ्याला लागला, मग कमरेला. झुंबरबाईचा कुठला आणि पाटलाचा कुठला, हे आता त्या कापसालाही सांगता आलं नसतं.

तातीची काळजी मात्र मी सोडली नाही. मेण संपलं, तेव्हा करडीचं तेल लावलं. तेलानं तात नरम पडली आणि शेजारची मांजर तिच्याकडे प्रेमानं पाहू लागली. नरमपणा जावा म्हणून तात मी चुलीवर शेकली. शेकल्यावर ती कडक झाली, वाजायला लागली, पण मधोमध तिचा पीळ उसवलेला दिसला. हात लावू नको, असं दगडूमियानं बजावलं होतं. पण उसवलेलं पाहून गप्प बसवेना. आम्ही माळी माणसं. आमच्या घरात मेथीची जुडी सुटली, वेल पडला, छप्पर गळालं, तरी एकच औषध: केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल. मी ते पाण्यात भिजवलं, तातीवर घट्ट गुंडाळलं, गाठ मारली. इतकी सुबक गाठ बसली की मला वाटलं, दगडूमिया पाहील तर पाठ थोपटेल.

इकडं धाडच्या आठवडी बाजारात आमच्या गावचा कोणीतरी बैल घ्यायला गेला आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाला, “भगवंतराव, तुमच्या जवायानं मळा सोडला म्हणे. गाद्या भरते आता.”

भगवंतराव म्हणजे धाडचं वजनदार माणूस. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरं पागोटं, एकादशीला पाणीसुद्धा विचार करून पिणारे. बुलडाण्याला गाडी बदलून ते आले आणि थेट माझ्या दारात उभे राहिले.

मी आत कापसाच्या डोंगरात होतो. हात वर गेला होता, ठोकळा हवेत होता. समोर दारात सासरे. आणि ते नेमके, अगदी सूत लावून उभं करावं तसे, तातीच्या नीट समोर.

दगडूमियाचे शब्द आठवले. आता मी 'सरका' म्हणायला हवं होतं. पण सासऱ्याला 'सरका' कसं म्हणायचं? 'मामाजी, जरा सरकावं' असं म्हणता आलं असतं, पण तेवढं मोठं वाक्य मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो. मी तोंड उघडलं. श्वास आत गेला. ठोकळा खाली आला.

टंय् झालंच नाही. फाट् झालं. सोपटाची गाठ जशीच्या तशी राहिली, तिच्या शेजारी तात तुटली. तुटलेलं टोक सापासारखं उसळलं, मामाजींच्या कपाळावरून गेलं, पागोटं उडवून ओट्याखाली टाकलं आणि परत येऊन त्यांच्या गळ्यात गुंडाळून बसलं. पिंजण माझ्या डोक्यावर आपटलं. माझ्या पाठीमागचा डोंगर खचला, आणि सगळ्या गावाचा कापूस दारातून बाहेर निघाला. धुरळा बसला तेव्हा मामाजी छातीपर्यंत कापसात होते. डोळे दोन्ही शाबूत होते, हे देवाचे उपकार.

“जवाईबुवा,” ते शांतपणे म्हणाले. गळ्यातली माळ चाचपताना त्यांच्या हाताला माळेशेजारी दुसरं काहीतरी लागलं. “हे काय हाय?”

“तात.”

“कशाची?”

मला खोटं बोलता येत नाही. त्याला जास्त शब्द लागतात. “बकऱ्याची.”

“बकऱ्याच्या कशाची?”

“आतली.”

भगवंतरावांनी एवढ्या उंच उडी मारली की कापसातून ते धोतरासकट बाहेर आले. भर थंडीत ते आमच्या परसातल्या विहिरीवर गेले आणि बादलीवर बादली अंगावर ओतून घेतली. झुंबरबाई भिंतीवरून पाहत होती. ती म्हणाली, “भगवंतराव, इतकं काय झालं वो? तुमच्या घरच्या गाद्या काय तुळशीच्या काडीनं पिंजतेत?”

याचा त्यांना फार राग आला. बरोबर असलेल्या गोष्टीचा जसा येतो तसा.

“माह्या पोरीले म्या माळकऱ्याच्या घरात वाढवली,” ओलेत्यानं ते मला म्हणाले. “जवरिक हे आतडं या घरात हाय, तवरिक माही पोरगी या घराचा उंबरठा चढणार नाही. सांगून ठेवतो!”

आणि ते यष्टीकडं निघाले.

मी ओट्याखालचं पागोटं उचललं आणि मागं धावलो. मला सांगायचं होतं की मामाजी, गादी फक्त तिच्यासाठी काढली होती, मला काही पिंजारी व्हायचं नव्हतं, तिला पाठवा. गाडी सुरू झाली होती. मी तोंड उघडलं आणि घशात कापूस गेला. नुसता खोकला. मी पागोटं हलवून हलवून गाडी थांबवायला सांगत होतो. कंडक्टरला वाटलं मी निरोप देतोय. त्यानंही हात हलवला आणि घंटी मारली.

घरी येऊन मी कापसात बसलो आणि विचार केला. तात घरात असेपर्यंत कोकिळा येणार नाही. तात गेली तर पिंजता येणार नाही. पिंजलं नाही तर गादी होणार नाही. गादी झाल्याशिवाय मी तिला आणायला जायचं नाही. कुठूनही सुरुवात केली तरी मी फिरून कापसातच येत होतो. ओट्यावर आता कोणी नव्हतं. आपली गादी दुसऱ्याच्या गादीत गेली हे कळल्यावर लोक लांबूनच पाहून जात होते. त्या संध्याकाळी मी भाकरी एकाचीच थापली. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या यष्टीनं कोकिळा आली.

डोक्यावर ट्रंक, काखेत बोचकं. उंबरठ्याबाहेरच उभी राहिली, आत पाहिलं, आणि ट्रंक खाली ठेवून हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. मला दोन्हींतलं काहीच थांबवता येईना.

“गंमत केली होती वो म्या!” ती म्हणाली. “गादी झाली का या म्हणे! गादी पाहून कोणी बायको आणते का? रोज संध्याकाळची गाडी आली का म्या दारात. सगळे उतरत, तुम्ही नाही. धाडच्या बाया पुसत, काऊन वो, मालक काऊन नाही आला? म्या म्हणे, वांग्यावर कीड पडली. दुसऱ्या दिवशी पुसलं तरी कीड. इतकी कीड पाडली म्या तुमच्या वांग्यावर, का एक म्हातारी म्हणे, उपटून फेका म्हणा, पोरी, जवाई तरी वाचन!”

मला पुष्कळ सांगायचं होतं. “मले...” मी म्हणालो.

“काय तुम्हाले?”

“करमलं नाही.”

ती गप्प झाली. (लग्न झाल्यापासून मी तिला गप्प केल्याची ही एकच वेळ.) पदरानं डोळे पुसून तिनं पाय उचलला, आणि उंबरठ्यावर न टेकवता परत मागं घेतला.

“बाबानं शपथ घातली हाय,” ती म्हणाली. “आतडं घरात हाय तवरिक उंबरठा चढाचा नाही. चढत नाही म्या.”

“मंग?”

“मंग काय? झुंबरकाकूच्या घराले उंबरठा दुसरा हाय.”

आणि ट्रंक उचलून ती शेजारी गेली.

तर अशी माझी बायको परत आली, आणि भिंतीपलीकडं राहायला लागली. झुंबरबाई इतकी खूष झाली की तिनं मला 'कोण आलं रे' विचारायचंही सोडलं. दोघींचं बोलणं दिवसभर ऐकू यायचं. एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू. जेवायच्या वेळी भिंतीवरून ताट यायचं, मागून कोकिळेचा नुसता हात. एकदा मी ताट घेताना त्या हाताला हात लावला, तर तिकडून झुंबरबाई म्हणाली, “माहा हात हाय तो, लेका.”

शेवटी दगडूमिया आला. नात झाली होती, दोघी सुखरूप होत्या. त्यानं माझं घर पाहिलं आणि टोपी काढून पुन्हा घातली. मग तुटलेली तात हातात घेतली, तेल चोळून पाहिलं, शेकलेला भाग वास घेऊन पाहिला आणि सोपटाच्या गाठीवर त्याचं बोट थांबलं.

“हे काय बे?”

“सोपट.”

“तात हाय का मेथीची जुडी? बाजारात नेऊन बसतं का हिले?” मग त्याला हसू फुटलं ते आवरेना. “म्या म्हटलं होतं जपजो. तू त हिची तेलहळद केली, शेकशेगडी केली, बाळंतीणच करून टाकली! माह्या पोरीची नाही झाली इतकी सेवा!”

नवी तात त्यानं आणली होती. ती चढवताना त्यानं मला कोपऱ्यात उभं केलं, समोर नाही, मागं नाही, कोपऱ्यात. मग त्यानं सगळ्या गावाचा कापूस एकत्र पिंजला आणि वजनानं वाटून टाकला. बायका आल्या, प्रत्येकीनं आपली गादी दाबून पाहिली आणि शेजारणीच्या गादीत आपला चांगला कापूस गेला म्हणून भांडून गेल्या. त्या भांडताना ओट्यावर बसल्या, एवढं मला पुरे झालं.

दगडूमिया पिंजण खांद्यावर टाकून, तुटकी तातही बरोबर घेऊन गेला. मी घर झाडलं, उंबरठा सारवला, पागोटं धुऊन खुंटीला लावलं. पलंगावर आमची गादी घातली. सातपुडा नाही, पूर्णा नाही, सगळं सपाट. मग भिंतीजवळ जाऊन मी खाकरलो.

“झालं का सगळं?” पलीकडून कोकिळेनं विचारलं.

“हाव.”

“मंग असं खाकरून नाही जमत. दारात उभं राहून हाक मारा. सगळ्या गल्लीले आइकू आली पाह्यजे. तुम्ही न्याले आले नाही, निदान बोलवा त. हाकेशिवाय म्या येत नाही.”

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण मी दुपारभर दाराच्या आत उभा होतो. उन्हं उतरली. विहिरीवर बायका होत्या. त्या गेल्या. कुत्रं आलं, तेही गेलं. मग मी गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. आपल्यात बायकोला नावानं हाक मारत नाहीत, म्हणून काय म्हणायचं तेही मनात ठरवून ठेवलं. डोळे मिटले. तोंड उघडलं. श्वास आत गेला, आणि त्या दिवशी, कसा कोण जाणे, आवाजही त्याच्या मागोमाग बाहेर आला.

“आइकलं का वोऽऽ! या ना घरीऽऽ!”

पारावरची कबुतरं उडाली. मी डोळे उघडले, तर गल्लीतल्या दारादारात बायका. कोणाचे हात पिठाचे, कोणाच्या कडेवर मूल. प्रत्येकीला वाटलं आपलाच मालक बोलावतोय. झुंबरबाईसुद्धा लगबगीनं बाहेर आली (तिचा मालक जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, सवयीनं आली असेल). सगळ्या माझ्याकडं पाहत होत्या. मी एकीलाच शोधत होतो, आणि तेवढी एकच आली नव्हती.

मग झुंबरबाईच्या घरातून, चुलीजवळून, कोकिळेचा आवाज आला.

“काकू, कोणाचा वो हा मालक? बायकोसाठी कसा जीव तोडून बोंबलून राह्यला बिचारा! नाही त आमचे हे. सकाळपासून बसली म्या वाट पाहत, एक हाक निघत नाही माणसाच्या तोंडून!”